डाळिंबाच्या खड्ड्यात, कुंडीत आणि घरात जलशोषक पॉलिमर: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटाव या कोरड्या पट्ट्यात नवी बाग लावणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा कृषी सेवा केंद्रात हायड्रोजेलचे, म्हणजे जलशोषक पॉलिमरचे, पाकीट हातात घेऊन उभा राहतो. पाकिटावर लिहिलेले असते की ही पावडर स्वतःच्या वजनाच्या चारशेपट पाणी धरून ठेवते. हे वाक्य खोटे नसते. मात्र ते शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्याबद्दल असते, आणि आपल्या विहिरीला किंवा बोअरला तसे पाणी कधीच लागत नाही. मी आटपाडी तालुक्यात डाळिंबाची बाग आणि तिला जोडून लहानशी रोपवाटिका सांभाळते. जेल वापरण्यापूर्वी आणि वापरताना जी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती येथे क्रमाने मांडत आहे. त्यातील एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: जेलची ताकद पाकिटावरून ठरवू नका, आपल्या पाण्यात मोजून ठरवा. वापराइतकीच सुरक्षिततेचीही माहिती दिली आहे, कारण हा पदार्थ शेतातून घरात येतो आणि खरा धोका बहुतेक वेळा घरातच असतो.

१. पदार्थ नेमका कोणता, हे आधी ओळखा

जलशोषक पॉलिमर म्हणजे अत्यंत लांब रेणूंच्या साखळ्यांचे जाळे. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असलेले गट असतात. पाणी मिळाले की हे गट एकमेकांना दूर ढकलतात, जाळे ताणले जाते आणि पाणी आत शिरते. साखळ्या जागोजागी एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे जाळे विरघळून जात नाही, फक्त फुगते. फुगलेला दाणा भिजलेल्या साबुदाण्यासारखा दिसतो आणि बोटांनी दाबला तरी त्यातले पाणी गळत नाही. मुळे मात्र ते ओढून घेऊ शकतात.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्चवर असे पॉलिमर जोडण्याचे काम झाले आणि १९७० च्या दशकात ते प्रसिद्धीस आले. पुढे याच घराण्यातील पदार्थ लहान मुलांच्या डायपरमध्ये आले आणि आज त्यांचा सर्वाधिक खप तेथेच आहे. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारित ‘पुसा हायड्रोजेल’ विकसित केले. ते आपल्यासारख्या उष्ण हवामानाचा विचार करून बनवलेले असून ४० ते ५० अंश सेल्सिअस तापमानातही चांगले काम करते.

बाजारात साधारण चार प्रकार एकाच नावाखाली विकले जातात आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. सोडियम पॉलिअॅक्रिलेट डायपरमध्ये असते. ते जमिनीत घातले तर त्याबरोबर सोडियमही जाते, म्हणून शेतीसाठी ते घेऊ नये. पोटॅशियम पॉलिअॅक्रिलेट शेतीसाठी वापरले जाते. अॅक्रिलामाइड आणि अॅक्रिलेट यांच्या मिश्र, जोडलेल्या साखळ्यांचे दाणेदार जेलही शेतीसाठी मिळते; ते टिकाऊ असते, परंतु त्याविषयीची एक खबरदारी तिसऱ्या टप्प्यात सांगितली आहे. चौथा प्रकार सेल्युलोज किंवा स्टार्चवर आधारित.

याशिवाय न जोडलेल्या, सरळ साखळ्यांचे पॉलिअॅक्रिलामाइड स्वतंत्रपणे मिळते. जलशुद्धीकरण केंद्रांत गाळ खाली बसवण्यासाठी आणि आपल्या भागातील साखर कारखान्यांत उसाचा रस निवळण्यासाठी वापरतात ते हेच. ते पाण्यात विरघळून बुळबुळीत होते, त्याचे दाणे फुगत नाहीत. ‘पॉलिमरच आहे, स्वस्तात मिळते आहे’ म्हणून कोणी ते पुढे केले तर घेऊ नका. बूट आणि औषधांच्या खोक्यातील सिलिका जेलच्या पुड्यांचाही येथे काही उपयोग नाही. ती वाळूच्या जातीची वस्तू आहे.

२. आपल्याला त्याची गरज आहे का, हे ठरवा

मुरमाड, उथळ, पाणी न धरणारी जमीन असेल, रोपे नुकतीच लावायची असतील आणि दोन पाण्यांमधले अंतर वाढवणे भाग असेल, तर जेलचा विचार करावा. कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, कराड भागातील भारी काळ्या जमिनीत चिकणमाती स्वतःच भरपूर पाणी धरते. तेथे अडचण पाणी टिकण्याची नसून निचऱ्याची असते. अशा जमिनीत जेल घातले तर मुळांशी हवा कमी पडते, वाफसा उशिरा येतो आणि डाळिंबात मर रोगाला पोषक परिस्थिती तयार होते. खारपड किंवा चोपण जमिनीतही ते घालू नये, कारण क्षार जेलला फुगूच देत नाहीत.

आता एक हिशेब मन लावून पाहा. पुसा हायड्रोजेलची शेतपिकांसाठीची शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलो आहे. पाच किलो जेलने शुद्ध पाण्यातील ३५०पट क्षमतेने पाणी धरले, असे मानले तरी एका वेळी १,७५० लिटर पाणी धरले जाईल. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. म्हणजे जेलने धरलेले सगळे पाणी ०.२ मिलिमीटर पावसाइतकेही नाही. याचा अर्थ जेल निरुपयोगी आहे असा नाही. ते पुन्हा पुन्हा भरते आणि रिकामे होते, आणि बियाण्याच्या ओळीत, मुळांच्या अगदी जवळ पडले तर थोडे पाणीही उगवणीच्या नाजूक दिवसांत उपयोगी पडते. परंतु शेतभर फोकून दिलेले जेल मुळांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्या भागात जेलची खरी जागा फळझाडाचा खड्डा, रोपवाटिकेची पिशवी आणि कुंडी ही आहे. उभ्या शेतासाठी तेवढाच पैसा शेणखतावर आणि पाचटाच्या आच्छादनावर खर्च करावा.

३. खरेदीपूर्वी मागायची कागदपत्रे आणि जमवायचे साहित्य

कागदपत्रे पुढीलप्रमाणे मागा किंवा जवळ ठेवा:

- उत्पादकाचे सुरक्षा माहितीपत्रक. दुकानदाराकडे नसेल तर पाकिटावरील क्रमांकावर फोन करून मोबाईलवर मागवा.
- पॉलिमरचे पूर्ण रासायनिक नाव. ‘ऑरगॅनिक जेल’, ‘जलशक्ती पावडर’ अशा नावांवर समाधान मानू नका.
- बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि दाण्यांचा आकार.
- उरलेल्या मोनोमरचे, म्हणजे ज्या लहान रेणूंपासून पॉलिमर बनते त्यांचे, प्रमाण, विशेषतः अॅक्रिलामाइड असलेल्या जेलसाठी.
- पक्की पावती, बॅच क्रमांकासह.
- स्वतःचा माती परीक्षण अहवाल किंवा मृद आरोग्य पत्रिका आणि पाणी परीक्षण अहवाल. पाण्याच्या अहवालात ई.सी. (विद्युतवाहकता, जिच्यावरून क्षारांचे प्रमाण कळते), कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम हे आकडे असलेच पाहिजेत.

मोनोमरचा मुद्दा नवख्यांना भीतीदायक वाटतो, म्हणून थोडे सविस्तर सांगते. तयार झालेले पॉलिअॅक्रिलामाइड शरीराला जवळपास निरुपद्रवी आहे, कारण त्याचे रेणू इतके मोठे असतात की ते त्वचेतून किंवा आतड्यातून आत जात नाहीत. ज्या लहान रेणूपासून ते बनते, ते अॅक्रिलामाइड मात्र मज्जासंस्थेला घातक आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला मानवात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या २-अ गटात ठेवले आहे. चांगल्या उत्पादनात हे उरलेले प्रमाण अत्यल्प असते आणि जमिनीतील जिवाणू ते लवकर खाऊन टाकतात. परंतु ‘अत्यल्प’ म्हणजे किती, हे कागदावर लिहून देणाऱ्याकडूनच माल घ्यावा. खाण्याच्या पालेभाज्यांच्या कुंड्यांसाठी तर मी अॅक्रिलामाइडरहित जेलच निवडते.

साहित्य फार लागत नाही: एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा लहान वजनकाटा, एक-एक लिटरची दोन झाकणाची भांडी, पंचाचा स्वच्छ कपडा, बॅटरीत घालायचे ऊर्ध्वपातित पाणी, आणि हाताळणीसाठी घट्ट बसणारा मास्क, डोळ्यांवरचा बंद चष्मा व रबरी हातमोजे. चाचणीची भांडी पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

४. आपल्याच पाण्यात चाचणी घ्या

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि पुढची सगळी निराशा त्यातून येते.

पूर्ण पाकीट न घेता आधी लहान नमुना मागा. एका भांड्यात एक लिटर ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसऱ्यात ज्या पाण्याने तुम्ही बाग भिजवणार आहात तेच पाणी एक लिटर घ्या. दोन्हींत बरोबर एक-एक ग्रॅम कोरडे जेल टाका, झाका आणि रात्रभर ठेवा. पावडर तासाभरात फुगते, मोठ्या दाण्यांना मात्र वेळ लागतो, म्हणून घाई करू नका. सकाळी पंचाचा कपडा ओला करून पिळून घ्या आणि त्याचे वजन लिहून ठेवा. मग त्या कपड्यातून भांड्यातले सगळे गाळा, सुटे पाणी निथळून जाऊ द्या आणि जेलसह कपड्याचे वजन करा. कपड्याचे वजन वजा केले की फुगलेल्या जेलचे वजन मिळते. त्यातून कोरड्या जेलचा एक ग्रॅम वजा करा. उरलेला आकडा म्हणजे तितकेपट पाणी धरले.

ऊर्ध्वपातित पाण्यातील आकडा पाकिटावरच्या दाव्याच्या जवळपास यायला हवा. तो फारच कमी आला तर माल जुना, ओलावलेला किंवा भेसळीचा समजा आणि तेथेच थांबा. तुमच्या विहिरीच्या पाण्यातील आकडा मात्र पुष्कळ कमी येईल, आणि तो येणारच, कारण पाण्यातील क्षार साखळ्यांवरील विद्युतभार झाकून टाकतात आणि साखळ्यांचे एकमेकींना ढकलणे कमी होते. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात तर शेकडोपट पाणी धरणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेट साधारण ३० ते ६०पटीवर येते. आपल्या चुनखडीच्या जमिनीतल्या बोअरचे पाणी जड असते आणि त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे काम मिठापेक्षाही वाईट असते. त्यांच्यावर दुहेरी धनभार असल्यामुळे ते दोन साखळ्यांना एकत्र बांधून ठेवतात, आणि एकदा बांधलेली गाठ पुढे पावसाचे पाणी मिळाले तरी पूर्णपणे सुटत नाही.

म्हणूनच चाचणीचा दुसरा भाग आवश्यक आहे. त्याच जेलला सावलीत पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा त्याच विहिरीच्या पाण्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या वेळचा आकडा पहिल्यापेक्षा घसरला, तर प्रत्येक पाण्याबरोबर तुमच्या बागेतही तेच होणार आहे, हे लक्षात घ्या. जमल्यास तिसरे भांडे शेततळ्याच्या किंवा छतावरून जमवलेल्या पावसाच्या पाण्याचे लावा. टेंभू योजनेतून आटपाडीकडे येणारे कृष्णेचे पाणी ज्यांना मिळते, त्यांनी ते पाणी आणि बोअरचे पाणी अशी तुलना जरूर करावी. एकाच शेतात या दोन पाण्यांत जेलचे वागणे वेगळे दिसू शकते.

तुमच्या पाण्यातील आकडा पन्नासच्याही खाली आला, तर माझा सल्ला जेल न घेण्याचा आहे.

५. मात्रा आकड्यावरून ठरवा, मुठीवरून नाही

समजा चाचणीत तुमचा आकडा १०० आला. डाळिंबासाठी आपण ६० × ६० × ६० सेंटिमीटरचा खड्डा घेतो, म्हणजे त्यात २१६ लिटर माती-मिश्रण बसते. ४० ग्रॅम जेल सुमारे ४ लिटर पाणी धरेल, आणि नव्या रोपाला आधार म्हणून ते पुरेसे आहे. डाळिंबाची लागवड ४.५ × ३ मीटरवर केली तर एकरी साधारण ३०० झाडे बसतात; म्हणजे १२ किलो जेल लागेल. हा खर्च लागवडीपूर्वीच कागदावर मांडा आणि तेवढ्याच रकमेत प्रत्येक खड्ड्यात किती जादा शेणखत पडले असते, याच्याशी ताडून पाहा. पाकिटावरील शिफारस वेगळी असेल तर तीच कमाल मर्यादा समजा, तिच्या वर जाऊ नका.

कुंडीत तर जास्तीचे जेल सरळ नुकसान करते. दहा लिटरच्या कुंडीत लिटरला १ ग्रॅम या हिशेबाने १० ग्रॅम जेल घातले तर ते फुगून एक लिटर जागा घेते, तेवढी चालते. तेथेच एक मूठ, म्हणजे समजा ५० ग्रॅम घातले, तर पाच लिटर जेल तयार होऊन अर्धी कुंडी त्यानेच भरते. माती वर उचलली जाते, रोप उघडे पडते आणि मुळे कुजतात.

६. खड्ड्यात, पिशवीत आणि कुंडीत घालण्याची पद्धत

कोरडे जेल घालावे की भिजवून, याबद्दल दोन्ही मते ऐकायला मिळतील. कोरड्या जेलचा धोका असा की लागवडीनंतर भरपूर पाणी मिळाले नाही तर ते आजूबाजूच्या मातीतील ओल आधी स्वतः शोषते आणि रोप आणखी तहानलेले राहते. म्हणून आमच्या पट्ट्यात मी भिजवूनच घालण्याचा आग्रह धरते, आणि पहिले भिजवणे शक्यतो पावसाच्या किंवा कालव्याच्या पाण्यात करते. जेल पाण्यात एकदम ओतू नका, त्याच्या गुठळ्या होतात आणि आतला भाग कोरडा राहतो. पाणी काठीने ढवळत राहा आणि वरून जेल हळूहळू भुरभुरवा.

खड्डा भरताना खालच्या थरात नेहमीप्रमाणे माती, शेणखत आणि बाकीचे मिश्रण टाका. जेल मातीत एकजीव कालवून, रोपाची मुळे जेथे पसरणार त्या मधल्या भागात घाला. त्याचा वेगळा थर करू नका. थर झाला की मुळे त्यातच गुंतून बसतात आणि खाली जात नाहीत. वरची किमान चार बोटे माती जेलविना ठेवा. पृष्ठभागावर राहिलेले जेल उन्हाने हळूहळू तुटते आणि फुगून वर आलेले दाणे पक्षी उकरतात. ठिबकचा ड्रिपर जेल असलेल्या भागाच्या बरोबर वर येईल असे पाहा, नाहीतर जेल एकीकडे कोरडे आणि पाणी दुसरीकडे, अशी स्थिती होते. लागवड झाल्यावर आळ्यात पाचट किंवा वाळलेल्या गवताचे आच्छादन करा, कारण जेल मातीतली ओल धरू शकते, पण वरून उडून जाणारी वाफ थांबवू शकत नाही.

दोन गोष्टींकडे बागाईतदारांचे हमखास दुर्लक्ष होते. पहिली ठिबकमधून दिली जाणारी खते. विद्राव्य खतांच्या दाट द्रावणाने जेल आक्रसते, आणि कॅल्शियम नायट्रेट तर त्याची क्षमता कायमची कमी करू शकते. डाळिंबाला कॅल्शियम लागतेच, म्हणून ते बंद करा असे मी म्हणणार नाही. पण लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा जेलची खरी गरज असते, तेव्हा खते पातळ करून आणि थोडी थोडी द्या. दुसरी गोष्ट ताणाची. बहार धरण्यापूर्वी, म्हणजे झाडाला फुलावर आणण्यापूर्वी, बागेचे पाणी तोडून ताण द्यावा लागतो, आणि मुळांशी जेल असेल तर ओल जास्त दिवस राहून ताण बसायला उशीर होऊ शकतो. वरची माती कोरडी दिसली म्हणजे ताण बसला, असे समजू नका. खुरपीने खालची माती पाहून आणि पानांची स्थिती पाहूनच निर्णय घ्या.

रोपवाटिकेच्या पिशव्यांसाठी माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात जेल आधीच कालवून घ्या. कोकोपीट स्वतः भरपूर पाणी धरते, म्हणून मात्रा निम्मी ठेवली तरी चालते. दूरवर न्यायच्या उघड्या मुळांच्या रोपांसाठी फुगलेले जेल पातळ करून त्यात मुळे बुडवून काढणे ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यात जेल सर्वांत कमी लागते आणि थेट मुळांना चिकटून बसते.

७. कोरडी पावडर हाताळताना

फुगलेले जेल त्वचेला त्रास देत नाही. काळजी घ्यायची ती कोरड्या, बारीक धुळीची. ती नाका-घशातील ओल शोषून चिकटते, आणि अगदी सूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन तेथे दाह करतात. म्हणून उद्योगात श्वसनयोग्य सूक्ष्म धुळीसाठी घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम इतकी कडक मर्यादा पाळली जाते. शेतात कोणी हवा मोजत बसत नाही, म्हणून आपण दाणेदार माल निवडावा, वारा नसलेल्या पहाटे काम करावे आणि पाकीट उंचावरून न ओतता भांड्याच्या तोंडाशी धरून रिकामे करावे. मिश्रण करणाऱ्या मजूर बाया-बाप्यांनाही मास्क, चष्मा आणि हातमोजे देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ओढणी किंवा टॉवेल तोंडाला बांधणे पुरेसे नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांना हे काम देऊच नका.

डोळ्यात पावडर गेली तर चोळू नका, वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि जळजळ राहिली तर डॉक्टरांना दाखवा. फरशीवर सांडली तर पाणी ओतू नका, कारण ओली झालेली पावडर तेलापेक्षाही निसरडी होते. आधी कोरड्या झाडूने अलगद गोळा करा. भिजलीच असेल तर तिच्यावर खडे मीठ पसरा. जेल पाणी सोडून आक्रसते आणि फावड्याने उचलता येते. मोरीत किंवा गटारात मात्र ते कधीही ढकलू नका, आत फुगून पाइप तुंबतो.

८. घर, मुले आणि जनावरे

हे दाणे साखर, मीठ किंवा रव्यासारखे दिसतात. म्हणून उरलेले जेल स्वयंपाकघरातल्या रिकाम्या डब्यात कधीही ठेवू नका. मूळ पाकिटातच, हवाबंद पिशवीत, मोठ्या ठळक अक्षरांत नाव लिहून, कीटकनाशकांच्या कुलूपबंद कपाटात ठेवा. घरातील सर्वांना, विशेषतः नजर अधू झालेल्या आजी-आजोबांना, हे काय आहे ते दाखवून सांगा.

कोरड्या पावडरीचा चिमूटभर अंश पोटात गेला तर सहसा विषबाधा होत नाही. धोका वेगळाच आहे, तो फुगण्याचा. फुलदाण्यांत शोभेसाठी आणि मुलांना खेळण्यासाठी जे रंगीत मणी विकले जातात, ते याच जातीच्या पॉलिमरचे असतात. कोरडा मणी मोहरीएवढा असतो, पण पोटातल्या पाण्यात तो अनेक पटींनी वाढतो आणि लहान मुलांचे आतडे पूर्ण बंद करू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याबद्दल इशारे दिले आहेत, तेथे बाळाचा मृत्यूही झाला आहे, आणि २०२३ च्या अखेरीस तेथील मोठ्या विक्रेत्यांनी मुलांसाठी या मण्यांची विक्री थांबवली. आपल्याकडे जत्रेत आणि भेटवस्तूंच्या दुकानांत ते अजूनही सहज मिळतात. ज्या घरात पाच वर्षांखालील मूल आहे, त्या घरात ते आणूच नयेत, असे मी अगदी कळकळीने सांगते.

मुलाने मणी किंवा जेलचे दाणे गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नका, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. थेट रुग्णालयात न्या, गरज पडल्यास १०८ ला फोन करा, आणि पाकीट बरोबर घेऊन जा. साध्या एक्स-रेमध्ये हे मणी बहुधा दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना ‘पाण्याने फुगणारा मणी गिळला असावा’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. सोनोग्राफीचा निर्णय त्यावरून ते लवकर घेऊ शकतील. वारंवार उलट्या, पोट फुगणे, मूल खायला तयार नसणे ही लक्षणे काही दिवसांनीही दिसू शकतात. मणी कानात किंवा नाकात गेला असेल तर त्यात तेल, पाणी किंवा औषधाचे थेंब टाकू नका, तो आणखी फुगून आतल्या भागाला इजा करतो.

वापरलेले डायपर उकिरड्यावर किंवा बांधावर टाकण्याची सवय गावोगावी दिसते. गाई-म्हशी आणि कुत्री ते फाडून खातात. डायपर कागदात गुंडाळून, वेगळी खूण करून, घंटागाडीत सॅनिटरी कचरा म्हणून द्यावेत. डायपर फोडून त्यातले जेल कुंडीत घालण्याचे व्हिडिओ पाहून कोणी तसे करत असेल, तर त्यांना थांबवा: त्यात सोडियम आहे, कापसाचा आणि प्लास्टिकचा चुरा आहे, आणि वापरलेल्या डायपरमध्ये रोगजंतूही असतात.

बर्फाच्या पेटीत ठेवतात त्या थंड पिशव्यांतले जेलही कुंडीत घालू नका. पिशवी फुटली तर आत ठेवलेले अन्न टाकून द्या.

९. जमिनीत किती काळ राहते, आणि उरलेल्याचे काय करावे

या पॉलिमरचा कणा कार्बनच्या सलग साखळीचा असतो, आणि ती तोडणे जमिनीतील जिवाणूंना फार जड जाते. सेल्युलोज किंवा स्टार्चचा भाग लवकर कुजतो, संश्लेषित भाग मात्र वर्षानुवर्षे हळूहळू तुटत राहतो. त्यामुळे ‘पूर्णपणे कुजणारे’ हा दावा वाचला की कशावर आधारित आहे, हे विचारा. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे जेल घालू नका. कोणत्या ओळीत, कोणत्या साली, कोणत्या बॅचचे, किती ग्रॅम घातले, याची नोंद ठेवा, आणि तुलनेसाठी एक ओळ जेलविना लावा. पहिल्या उन्हाळ्यानंतर दोन्ही ओळींतील जगलेली रोपे मोजा आणि एखाद्या झाडाच्या आळ्याच्या कडेला हळूच उकरून दाणे अजून फुगतात का ते पाहा. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ते टणक, आक्रसलेले आणि पांढुरके दिसले, तर तुमच्या पाण्यातील कॅल्शियमने त्यांची ताकद घेतली आहे आणि पुढच्या लागवडीत त्यावर पैसे घालू नयेत.

फेकायची वेळ आली तर कोरडे जेल घट्ट बंद पिशवीत भरून, ओल लागणार नाही अशा रीतीने, सुक्या कचऱ्यात द्या. ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात टाकू नका. ते उघड्यावर जाळूही नका. पाकीट अर्धे उरले असेल तर तोंड घट्ट बांधून ठेवा, आणि पुढच्या हंगामात वापरण्यापूर्वी त्यातील एक ग्रॅम घेऊन चौथ्या टप्प्यातील चाचणी पुन्हा करा, कारण हवेतील ओल शोषून ते साठवणीतही खराब होते.

शंका असेल तर सातारा जिल्ह्यातील बोरगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात माती आणि पाण्याचे अहवाल घेऊन जा. अहवाल हातात असले तर तेथील शास्त्रज्ञांना तुमच्या जमिनीबद्दल नेमके बोलता येते. नुसते ‘जेल घालू का’ असे विचारले तर त्यांनाही मोघम उत्तर द्यावे लागते.